हिरवळीची मजुरी : मुळशीतील एक छोटीशी पाहणी

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

आमच्या गावात कुणाच्या अंगणात गवत उगवले, की लोक हळहळतात. त्याचा अर्थ ते घर उठले, माणसे मुंबईला गेली, सारवायला कुणी उरले नाही. अंगण कसे असावे? झाडलेले, शेणाने सारवलेले, तळहातासारखे स्वच्छ. दारात तुळस आणि कडेला एखादा शेवगा. गवताची जागा बांधावर, माळावर आणि गुरांच्या पुढ्यात. अशा गावात माझे वडील गेली काही वर्षे अंगणात गवत उगवावे म्हणून पगार घेतात. ते एका बंगल्यावर माळी आहेत.

गेल्या वर्षी अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी 'वेतन म्हणजे श्रमाची किंमत' ही व्याख्या फळ्यावर लिहिली आणि प्रत्येकाने आपल्या गावातील एका व्यवसायाची माहिती काढून आणावी असे सांगितले. वर्गातील मुलांनी दूधव्यवसाय घेतला, वीटभट्टी घेतली, एकाने हिंजवडीला कंपनीच्या गाड्या चालविणाऱ्यांची माहिती घेतली. हिंजवडी आमच्याच मुळशी तालुक्यात आहे हे वर्गातील पुष्कळांना त्या दिवशी कळले. मी उठून म्हणाले, "सर, मी बंगल्यावरच्या माळ्यांवर लिहीन." मागच्या बाकावर कुणीतरी हसले. ते हसणे मनाला लागले म्हणूनच ही पाहणी जरा मन लावून झाली, हे कबूल केले पाहिजे.

पाहणी म्हणजे फार मोठे काही नाही. सुट्टीच्या दिवशी वही घेऊन मी आमच्या बाजूच्या बंगल्यांवर काम करणाऱ्या माणसांशी बोलले. बहुतेक सगळे ओळखीचे, नात्यातले. मालक मंडळींपैकी जे बोलले त्यांच्याशीही बोलले. जे दिसले ते येथे लिहीत आहे. या मासिकाच्या वाचकांत ज्या प्राध्यापकांचे मुळशीत प्लॉट असतील त्यांनी राग मानू नये.

चांदणी चौकातून निघालेला रस्ता भूगाव, भुकूम, पिरंगुट, घोटावडे फाटा असे करत तालुक्याच्या गावी, पौडला येतो आणि पुढे माले आणि धरणाच्या कडेने ताम्हिणी घाटात शिरतो. या रस्त्याला दुतर्फा पाट्या दिसतात. त्या पाट्यांवर डोंगर असतो, तळे असते आणि हिरवेगार गवत असते. माणूस नसतो. मुळशीचे नाव इतिहासात आहे ते सत्याग्रहामुळे. १९२१ च्या एप्रिलमध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध मावळे येथे बसले. पांडुरंग महादेव बापट यांना लोक सेनापती म्हणू लागले ते याच लढ्यामुळे. १९२४ पर्यंत तो लढा चालला आणि शेवटी धरण झाले. ते पाणी आजही बोगद्याने सह्याद्री ओलांडून कोकणात भिऱ्याला उतरते आणि तेथे वीज होते. त्या वेळी जमीन गेली ती सरकारी कायद्याने, म्हणजे १८९४ च्या भूसंपादन कायद्याने. आमच्या पिढीने पाहिलेली जमीन गेली ती मात्र खुशीच्या खरेदीखताने. १९४८ च्या कुळकायद्याचे ६३ वे कलम सांगते, की जो शेतकरी नाही त्याला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. पण कुणाकडे कुठल्या तरी जिल्ह्यातला शेतकऱ्याचा दाखला असतो, कुणी बिगरशेती केलेला प्लॉटच घेतो. या वाटांचा अभ्यास हा वेगळा विषय आहे. मला सांगायचे आहे ते खरेदीखतानंतर काय होते ते.

बंगला झाला की त्याला माणूस लागतो. मालक पुण्यात किंवा मुंबईत. तो शनिवारी संध्याकाळी येणार, रविवारी जेवून निघणार. उरलेले पाच दिवस गवत वाढणार, पाइप फुटणार, वानरे येणार, कुंपणातून गुरे शिरणार. म्हणून गावातला माणूस ठेवायचा. त्याला 'माळी' म्हणतात. अरणचे संत सावता माळी मळा पिकवीत, तेव्हा माळी हा शब्द जातीचाही होता आणि पिकविण्याचाही. आमच्याकडच्या या माळ्यांत मराठे आहेत, धनगर आहेत, कातकरी आहेत आणि त्यांच्यापैकी कुणीच काही पिकवीत नाही. त्यांचे काम पिकू न देण्याचे आहे. गवताला तुरा येण्याआधी ते कापायचे, आणि कापलेले टाकून द्यायचे. गवत कापून वैरण न करता खड्ड्यात फेकायचे, हे माझ्या आजीला शेवटपर्यंत पटले नाही. ती रोज एक भारा गुपचूप उचलून आणी. पुढे बंगल्यावर औषध मारू लागले, तेव्हा आप्पांनी तिला थांबवले.

आता लॉन म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. रोपवाटिकेत 'सिलेक्शन वन' म्हणून जे गवत विकत मिळते ते हरळीच्याच कुळातले. हरळी म्हणजेच दूर्वा. गणपतीला ती एकवीस जुड्यांनी वाहतात. पण शेतकऱ्याला विचारा. बांधावरून ती खाचरात उतरली की सुटका नाही. एक कांडे राहिले तरी पुन्हा फुटते. आमच्या घराने पिढ्यान्‌पिढ्या हरळी उपटली. आप्पा सांगतात, बंगल्यावर पहिल्या दिवशी टेम्पोतून गवताची पोती उतरली, तेव्हा त्यांनी हातात घेऊन पाहिले आणि साहेबांना विचारले, "ही लावायची?" साहेबांना वाटले, मामांना कळले नाही. त्यांनी पुन्हा नीट समजावून सांगितले. आप्पांना चांगलेच कळले होते.

आणि गंमत अशी, की ते काम आप्पांइतके चांगले दुसऱ्या कुणाला येणारही नव्हते. जमीन खणून दगड वेचणे, लाल माती आणि चाळलेले शेणखत पसरणे, फळी मारून सपाटी करणे, चार-चार बोटांवर कांडी टोकणे, वर रूळ फिरविणे. भाताचे खाचर करणाऱ्या माणसाला यात नवे काय? फरक एकच. खाचरात पाणी ठरवायचे असते, लॉनमधून ते काढून द्यायचे असते. इंजिनिअरने लॉन टेबलासारखे सपाट करून घेतले. पहिल्याच पावसात तेथे गुडघाभर तळे झाले आणि महिन्याभरात गवत कुजून पिवळे पडले. आप्पांनी कुणाला न विचारता एका कोपऱ्यातून चर मारला आणि पाणी जुन्या ओहोळाला काढून दिले. तो ओहोळ कुठे होता हे त्यांना ठाऊक होते, कारण ती जमीन आमच्या भावकीतली. तिच्या बांधावरून आमच्या आजोबांनी चुलतभावाशी पंचवीस वर्षे दावा खेळला. ज्या हातभर पट्टीसाठी पौडच्या कचेरीचे उंबरे झिजवले, तिलाच आप्पा आता रोज सकाळी नळीने पाणी घालतात. हा विनोद आमच्या घरी आई करते. आप्पा हसत नाहीत.

पाण्याचा हिशेब मी स्वतः केला. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, सुमारे १०१ चौरस मीटर. उन्हाळ्यात लॉनला रोज पाच मिलिमीटर पाणी द्यायचे, तर गुंठ्याला सुमारे ५०० लिटर होतात. साहेबांचे लॉन चार गुंठ्यांचे आहे. म्हणजे २००० लिटर. १५ लिटरचा हंडा धरला तर दिवसाला १३३ हंडे. जलजीवन योजनेत ग्रामीण माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी धरलेले आहे. या मापाने त्या लॉनचे पाणी ३६ माणसांना पुरले असते. धरण डोळ्यांसमोर असूनही आमच्या वाडीची विहीर मे महिन्यात तळ दाखवते आणि बाया पहाटे रांगेला उभ्या राहतात. साहेबांची बोअर त्यांच्या स्वतःच्या पैशांची आहे आणि गरज पडली तेव्हा त्यांनी वाडीला पाणी दिलेही आहे, हे मी येथे मुद्दाम लिहिते. पण रांगेत उभी असलेली बाई सकाळी आठ वाजता लॉनवर नळी धरते, तेव्हा तिच्या मनात काय येत असेल, हे कोष्टकात मांडता येत नाही.

स्थानिक माणूस ठेवावा की बाहेरचा, हा मालक लोकांचा नेहमीचा प्रश्न. मी ज्यांच्याशी बोलले त्या सर्वांनी एकच तक्रार केली, की गावचा माणूस दांड्या मारतो. ती खोटी नाही. आषाढ लागला की लॉन डोळ्यांदेखत वाढते, आठवड्याला मशीन मारावे लागते, आणि नेमक्या त्याच पंधरवड्यात भाताची लावणी असते. चिखलणी झालेली, रोप तयार, पाऊस आहे तोवर उरकायचे. शिवाय आमच्याकडे सावड असते. आज तुम्ही माझ्या खाचरात, उद्या मी तुमच्या. जो सावडीला गेला नाही त्याचे रोप पुढे कुणी लावीत नाही. मग माळी चार दिवस बंगल्यावर येत नाही. शिवाय गावची जत्रा, दहावा-तेरावा, लग्नसराई. मालक म्हणतात, यापेक्षा मराठवाड्यातले नाहीतर नेपाळचे जोडपे ठेवलेले बरे. त्याला ना शेत, ना भावकी. ते बंगल्यामागच्या खोलीत राहते आणि बारा महिने हजर असते. म्हणजे ज्याला येथे कुणी नाही तो चांगला कामगार ठरला. हा निष्कर्ष मी सरांना दाखवला, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

मालकांची दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. एका बाईंनी मला चहा देऊन सांगितले, की त्यांच्याकडचा पहिला माळी वीस हजारांची उचल घेऊन गेला तो परत आला नाही. दुसऱ्याने तणनाशकाचा पंप न धुता त्यातूनच गुलाबांवर फवारणी केली आणि सगळी बाग जळाली. "आम्हाला बागेतले काय कळते? आम्ही विश्वासावरच चालतो," असे त्या म्हणाल्या. ते खरे वाटले. अडचण अशी, की दोन्ही बाजू विश्वासावर चालतात आणि नेमके काय ठरले आहे हे कुणीच बोललेले नसते. 'बाग बघा' एवढेच ठरते. त्यात मग टाकी धुणे येते, कुत्र्याला भाकरी घालणे येते, पाहुणे आले की शेगडी पेटवणे येते, रात्री उशिरा आलेल्या गाडीला फाटक उघडणे येते.

नात्याचे शब्द मात्र भरपूर. आप्पा 'मामा' आहेत, आई 'मावशी' आहे. साहेबांची मुले आप्पांच्या पाया पडतात. दिवाळीला मिठाई, साडी. मी बारावीला चांगल्या गुणांनी पास झाले, तेव्हा महाविद्यालयाची पहिल्या वर्षाची फी साहेबांनी भरली. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. ती फी भरली नसती तर मी आज हा लेख लिहायला येथे नसते. हे मी विसरलेले नाही आणि पुढचे वाचताना वाचकांनीही विसरू नये.

तरीही हिशेब हिशेबाच्या जागी असतो. साहेब महिना ९००० रुपये देत होते. आप्पा सकाळी चार तास आणि संध्याकाळी दोन तास काम करतात, आठवड्याचे सातही दिवस. म्हणजे ४२ तास. मी सरांना हे दाखवले, तेव्हा सरांनी विचारले, "आणि तुझी आई?" मी म्हणाले, ती फक्त हातभार लावते. सर म्हणाले, "हातभार किती तासांचा, ते मोजून आण."

मी दोन आठवडे भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या मागे तास लिहीत गेले. सोमवार ते शुक्रवार बंगला झाडणे, पालापाचोळा गोळा करणे, वाफे खुरपणे, असे रोजचे अडीच तास. शनिवार-रविवारी मालक असताना स्वयंपाकघरासकट साडेसात-साडेसात तास. बेरीज २७ तासांच्या वर गेली. दोघांचे मिळून आठवड्याला सुमारे ७०, महिन्याला ३०० तास. नऊ हजारांना तीनशेने भागले, की तासाला तीस रुपये पडतात. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला २९७ रुपये होता. आठ तासांनी भागला तर तासाला ३७ रुपये. म्हणजे रस्त्यावर खडी टाकणे लॉनपेक्षा बरे. अर्थात रोजगार हमीचे काम बारा महिने नसते आणि तेथे फी भरणारे साहेबही नसतात.

ही बेरीज करीपर्यंत मला स्वतःलाच आई दिसली नव्हती. 'वडील माळी आहेत' असे मी वर्गात उभी राहून सांगितले होते. बंगल्यांवर 'जोडपे पाहिजे' असे म्हणतात, पण पगार एकच ठरतो आणि तो पुरुषाच्या हातात पडतो. दुसऱ्या माणसाचे काम त्यातच गुंडाळलेले असते. १९७६ च्या समान वेतन कायद्याने एकाच कामाला बाईपुरुषांत भेद करू नये असे सांगितले, आणि तोच नियम आता २०१९ च्या वेतन संहितेत आला आहे. पण येथे कमी दर आणि जास्त दर असा प्रश्नच येत नाही. बाईचा दरच नाही. हमालांसाठी राज्यात १९६९ साली माथाडी कायदा झाला, खाजगी सुरक्षारक्षकांसाठी १९८१ साली झाला, घरेलू कामगारांचे मंडळ २००८ च्या कायद्याने आले. माझे आईवडील थोडे थोडे हे सगळेच आहेत, आणि पूर्णपणे यांतले काहीच नाहीत. आईने ई-श्रमचे कार्ड काढले, तेव्हा व्यवसायाच्या रकान्यात केंद्रावरच्या मुलाने तिला न विचारताच 'शेतमजूर' टाकले.

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा' या पुस्तकात बलुत्याचे वर्णन आहे. त्या व्यवस्थेत जातीचा जाच होता. तिचे गोडवे गाण्याचे मुळीच कारण नाही. पण कुणाचे काम काय आणि खळ्यावर त्याचा हक्क काय, हे गावाला तोंडपाठ असे. आमच्या या नव्या बलुत्यात हक्काचा शब्दच नाही, नुसती माया आहे. मायेचे माप नसते, म्हणून ती कधी फार मिळते आणि कधी मिळतच नाही.

आता मूळ घटना सांगते. मागल्या पावसाळ्यात मशीन मारताना पात्याखालून दगडाची कपची उडाली आणि आप्पांच्या नडगीत शिरली. मशीन बंगल्याचे, पण पायात घालायला जाड बूट कुणी दिले नव्हते आणि आप्पांनी मागितलेही नव्हते. सात टाके पडले. साहेबांना फोन गेला, तसे ते स्वतः गाडी घेऊन आले, दवाखान्याचे सगळे बिल त्यांनी भरले आणि म्हणाले, "मामा, बरे होईपर्यंत घरी बसायचे." आप्पा अठरा दिवस घरी होते. लॉन घरी बसले नव्हते. आषाढातले गवत! आईला मशीन उचलवेना, म्हणून तिने ते विळ्याने कापले. चार गुंठे लॉन उकिडवे बसून, डोक्यावर इरले घेऊन, रोज एक पट्टा. आमची लावणी उरकायची होतीच. ती पहाटे खाचरात आणि दुपारी बंगल्यावर. मी महाविद्यालयातून आले की पाटी घेऊन गवत उचलायला जात असे.

महिना भरला. साहेबांनी पूर्ण पगार दिला, एक पैसा कापला नाही. त्या दिवशी त्यांच्याकडे पाहुणे होते. व्हरांड्यात बसून साहेब कौतुकाने म्हणाले, "आमच्याकडे माणसाला घरच्यासारखे वागवतो. मामांना अठरा दिवस बसून पगार दिला." ते खरेच चांगल्या मनाने बोलले. आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

तिने ट्रे ठेवला आणि घरी आली. रात्री भाकऱ्या थापताना एकदम म्हणाली, "बसून पगार दिला. मंग मी काय करत हुते?"

आप्पा म्हणाले, "आगं, मानूस चांगलाय."

"चांगला न्हाय आसं कुनी म्हनलं? मी काय करत हुते त्येवढं सांगा."

त्या रात्री मी वहीचे पान फाडले आणि लिहायला बसले. काम कोणते : लॉन, वाफे, झाडे, झाडलोट. स्वयंपाकाचे काम निघाले तर त्याचे वेगळे. वेळ कोणती. आठवड्याची सुट्टी रविवारी. लावणीचे आठ दिवस बिनपगारी रजा, बदली माणूस आम्ही देऊ. मशीन, पेट्रोल, बूट आणि डोळ्यांचा चष्मा बंगल्याचा. काम करताना लागले तर औषधपाणी आणि पगार चालू. आणि सगळ्यांत वर दोन नावे, दोन वेगळ्या रकमा : आप्पांचे ७०००, आईचे ४५००.

आप्पांनी ते पान वाचले नाही, मी वाचून दाखवले. ते म्हणाले, "कागुद झाला की मानूस परका व्हतो. तुजी फी त्यांनी भरली, त्ये तरी आठव."

मला बोलता येईना. आईच म्हणाली, "फी भरली म्हनूनच तर पोरीला ल्हिता आलं."

दोन रविवार कागद फळीवर पत्र्याच्या डब्याखाली पडून राहिला. तिसऱ्या रविवारी आप्पा पाय ओढत बंगल्यावर निघाले, तेव्हा आईने तो माझ्या हातात दिला आणि ती स्वतःही चालू लागली. आम्ही तिघे व्हरांड्याच्या पायरीपाशी उभे राहिलो. साहेबांनी चष्मा लावून कागद वाचला, मग दुसऱ्यांदा वाचला. त्यांचा चेहरा थोडा उतरला, असे मला वाटले. "मामा, हे तोंडी सांगितले असते तरी चालले असते," असे ते म्हणाले. आप्पा जमिनीकडे पाहत राहिले. मी म्हणाले, "काका, तोंडी कुणीच काही सांगत नाही. तुम्हीही नाही आणि आम्हीही नाही." माझा आवाज कापत होता.

साहेबांनी खिशातून पेन काढले. रविवारच्या सुट्टीवर काट मारली आणि 'बुधवार' लिहिले, कारण रविवारीच ते येतात. ४५०० चे त्यांनी ४००० केले. आई पुढे होऊन म्हणाली, "सायेब, रविवारचं सैपाकघर मंग त्यात न्हाय." त्यांनी थोडा विचार केला आणि पुन्हा ४५०० लिहिले. मग पेन वरच्या ओळीवर थांबले. मी तेथे आप्पांचे नाव पूर्ण लिहिले होते. आईच्या नावाची जागा, ते त्यांच्याच हातून लिहिले जावे म्हणून, मुद्दाम कोरी सोडली होती.

"मावशी, तुमचे नाव काय?" साहेबांनी विचारले. त्यांच्याकडे कामाला लागून तिला सात वर्षे झाली होती.

आईने पदर सावरून आपले नाव सांगितले आणि ती थांबली. नवऱ्याचे नाव ती घेत नाही. तिने माझ्याकडे पाहिले. मधले नाव मी सांगितले, आडनाव आप्पांनी सांगितले. साहेबांनी ते नीट अक्षरात लिहिले आणि खाली सही केली. मग कागदाची घडी घालत त्यांनी आप्पांना विचारले, की यंदा शेणखत कधी टाकायचे. आप्पा म्हणाले, दसरा होऊ द्या, पाऊस आजून हाये.